चालवावी की जपावी? : जुन्या, मूळ अवस्थेतील गाड्यांचा प्रश्न

कारखान्यातून निघाली त्याच रंगात, त्याच नटबोल्टांसह आणि इंजिन एकदाही न उघडता टिकलेली जुनी गाडी चालवावी की जपून ठेवावी, हा संग्राहकांमधला जुना वाद आहे. एकही गोळी न झाडलेले रिव्हॉल्व्हर, कधी न वाजवलेले व्हायोलिन, चावी न दिलेले घड्याळ यांच्याबाबतही तोच वाद होतो. वाद मिटत नाही, कारण दोन्ही बाजू खऱ्या आहेत. यंत्र वापरासाठी घडवलेले असते आणि वापर थांबला की त्याला समजून घेण्याची वाटही बंद होऊ लागते. दुसरीकडे प्रत्येक वापर यंत्रावर खूण ठेवतो आणि मूळ अवस्था एकदा गेली की कोणत्याही खर्चाने परत येत नाही.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न स्कूटर, टेंपो आणि मोटारींच्या रूपाने उभा आहे. या गाड्या इथेच घडल्या आणि त्या घडवणारी माणसे इथेच वसाहतींत राहिली. त्यामुळे त्यांच्या जपणुकीला छंदापलीकडचा अर्थ आहे. पाषाणात कोरलेला लेख जसा एका काळाची साक्ष देतो, तशी ही यंत्रे गेल्या साठ-सत्तर वर्षांच्या मराठी कामगार जीवनाची साक्ष देतात.

पट्ट्याचा यंत्रवारसा

पिंपरीत मोठ्या उद्योगाची सुरुवात १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेने कारखाने वेगाने उभे राहिले. आकुर्डीत बजाज ऑटो आणि बजाज टेंपो, पिंपरीत टेल्को, अशी वाहन उद्योगाची मांडणी झाली. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून हा पट्टा चाकणकडे सरकला.

यातील सर्वांत परिचित गाडी म्हणजे बजाज चेतक. बजाजने १९६०च्या दशकात इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा स्कूटर बनवली. परवान्याची मुदत १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ पासून तीच जडणघडण चेतक या नावाने पुढे चालली. १४५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, ५७ मिलिमीटर बोअर आणि तेवढाच स्ट्रोक, डाव्या मुठीवर चार गिअर आणि पोलादी पत्र्याची सलग बॉडी ही तिची ठळक लक्षणे. परवाना राजच्या काळात उत्पादनावर मर्यादा असल्याने नोंदणी करून अनेक वर्षे वाट पाहावी लागे. परकीय चलनाच्या कोट्यातून लवकर स्कूटर मिळवणे ही त्या काळी मोठी गोष्ट मानली जाई. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सने बनवलेली प्रिया हीदेखील याच घराण्यातली. आकुर्डीतील उत्पादन २००७ मध्ये थांबले आणि २००९ मध्ये कंपनीने पेट्रोल स्कूटरच्या व्यवसायातून पूर्णपणे बाहेर पडण्याचे जाहीर केले. २०१९ मध्ये चेतक हे नाव विजेच्या स्कूटरला मिळाले, पण जुनी टू-स्ट्रोक चेतक त्याआधीच संपली होती.

दुसरे घराणे तीनचाकी टेंपोचे. जर्मनीच्या फिडाल कंपनीच्या परवान्यावर बनलेल्या टेंपो हॅन्सिॲटने अनेक शहरांत आणि बाजारपेठांत माल पोहोचवला. या गाड्या शेवटच्या दिवसापर्यंत ओझे वाहत राहिल्या आणि मग भंगारात गेल्या. मालवाहू गाडी कोणी हौसेने झाकून ठेवत नाही. म्हणून मूळ अवस्थेतील हॅन्सिॲट ही तशा चेतकपेक्षा कितीतरी दुर्मीळ.

तिसरे घराणे टेल्कोचे. १९९१ची सिएरा, १९९२ची इस्टेट, १९९४ची सुमो आणि १९९८ची इंडिका या गाड्यांनी भारतीय मोटार उद्योगाला स्वतःच्या आराखड्याचा आत्मविश्वास दिला. १९९५ पासून टेल्कोच्याच पिंपरीतील आवारात मर्सिडीज-बेंझची डब्ल्यू १२४ मालिकेतील मोटार जुळवली जाऊ लागली. तो कारखाना पुढे चाकणला गेला. या गाड्या अजून ‘जुन्या’ वाटत नाहीत, आणि त्यांना असलेला मोठा धोका तोच आहे.

मूळ अवस्था म्हणजे काय

जाहिरातींत सर्रास ‘ओरिजिनल कंडिशन’ लिहिलेले असते, पण त्या दोन शब्दांत निदान पाच वेगवेगळ्या अवस्था दडलेल्या असतात. पहिली, कधीच न चालवलेली गाडी. दुसरी, थोडी चालवलेली पण कंपनी पेंट शाबूत आणि इंजिन न उघडलेली. तिसरी, नियमित वापरलेली, वेळोवेळी सुटे भाग बदललेली, पण बॉडी आणि रंग मूळचा असलेली. चौथी, डेंटिंग-पेंटिंग करून, क्रोम नव्याने चढवून ‘नव्यासारखी’ केलेली. पाचवी, दोन-तीन गाड्यांचे भाग एकत्र करून उभी केलेली. चौथी गाडी दुसरीपेक्षा डोळ्यांना देखणी दिसते, पण साक्षीदार म्हणून दुसरीचे मोल फार वर आहे.

दुसरी अवस्था ओळखण्याची रीत जुने मेस्त्री सहज सांगतात. बाहेरचा रंग पाहून निवाडा करायचा नाही. सीट काढून खालचा पत्रा पाहायचा. बाजूचे झाकण उतरवून त्याची आतली कड पाहायची. फूटबोर्डवरच्या रबरी पट्ट्यांखाली नखाने चाचपायचे. पुन्हा रंगवलेल्या गाडीत या जागी रंगाची जाडी बदलते, रबराच्या कडेला फवाऱ्याची धूळ बसलेली असते किंवा जुना रंग खालून डोकावतो. इंजिनाच्या नटांवर पाना फिरल्याच्या खुणा, बोल्टच्या कडा गोल झालेल्या, गॅस्केटबाहेर आलेला सीलंट दिसला की इंजिन उघडलेले आहे हे समजते. चेसिस आणि इंजिन क्रमांकाचा ठसा, त्याची खोली आणि अक्षरांची धाटणी आरसी बुकशी ताडून पाहिली जाते.

कागदपत्रे हा मूळ अवस्थेचाच भाग. पहिल्या मालकाची पावती, सर्व्हिस कुपनांचे पुस्तक, मालकासाठीची माहितीपुस्तिका, टूल किट आणि १९८९ पूर्वीचा जुन्या धाटणीचा नोंदणी क्रमांक यांमुळे गाडीचे आयुष्य सलग वाचता येते. कागद हरवलेली गाडी चालते, पण तिची कहाणी अर्धीच राहते.

वापराने काय जाते

कधीच न चालवलेल्या यंत्रात पहिला वापर सर्वांत मोठा असतो. न झाडलेले रिव्हॉल्व्हर एकदा झाडले की सिलिंडरच्या तोंडाशी जळाल्याच्या कड्या उमटतात आणि नळीच्या आत दारूचा थर बसतो. नुसते सिलिंडर फिरवत राहिले तरी त्याच्या घेराभोवती एक बारीक रेघ पडते. तज्ज्ञ ती रेघ पाहूनच शस्त्र किती हाताळले गेले याचा अंदाज बांधतात. स्कूटरचेही असेच आहे. पहिल्यांदा पेट्रोल टाकून किक मारली, इंजिन चालू झाले, की पिस्टनच्या डोक्यावर काजळी धरते, सायलेन्सरच्या नळीचा रंग उष्णतेने बदलतो, सिलिंडरच्या भिंतीवरील कारखान्यातल्या होनिंगच्या तिरप्या रेषा रिंगांखाली घासू लागतात. ही प्रक्रिया उलटी फिरवता येत नाही.

थोडी चालवलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणली तर झीज हळूहळू होते, पण अपघाताचा धोका एका क्षणाचा असतो. निगडी ते दापोडी रस्त्यावरची गर्दी, तळेगाव-चाकण मार्गावरचे कंटेनर आणि पावसाळ्यातले खड्डे यांत मूळ रंगाच्या मडगार्डला एक ओरखडा पडला तरी तो दुरुस्त करताना मूळ रंग जातो. सिएराच्या मागच्या बाजूच्या मोठ्या, वळलेल्या काचा हे याचे ठळक उदाहरण. बंपर, दरवाजा किंवा बिजागरी घडवून घेता येते. एका गाडीसाठी तशी काच बनवणे मात्र जवळपास अशक्य. सिएरा चालवण्याचा निर्णय हा अनेकदा त्या काचांबाबतचाच निर्णय असतो.

इंधनाची अडचणही आता वेगळी झाली आहे. २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने विक्रीस आले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या काळातल्या रबरी नळ्या, वॉशर आणि कार्बुरेटरमधील काही भागांना त्रास देते. १९७०च्या दशकातील गाडीचे भाग या मिश्रणासाठी घडवलेले नव्हते. जुनी गाडी चालवणाऱ्याने नळ्या आणि सील आधुनिक रबराच्या बसवणे आणि टाकीत पेट्रोल महिनोन् महिने पडून न ठेवणे, एवढी खबरदारी आवश्यक ठरते.

न वापरता काय जाते

जपणूक म्हणजे कोपऱ्यात उभी करून विसरणे, हा समज सर्वांत जास्त गाड्यांचा घात करतो. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलमधून मिळते. इंजिन चालू असेल तेव्हाच क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर ताजे ऑइल पोहोचते. गाडी बंद राहिली की पेट्रोल उडून जाते आणि कार्बुरेटरच्या जेटमध्ये चिकट राळ उरते. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या भागात आतून गंज धरतो आणि तो खाली झिरपून पुढे जेटपर्यंत जातो. क्रँकच्या ऑइल सील कडक होऊन फाटतात. क्लचच्या कॉर्कच्या प्लेट एकमेकींना चिकटतात. ब्रेकचे लायनर ड्रमला धरतात. टायर एकाच जागी दबून चपटे पडतात, आणि खोलवर नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झाल्याने त्यांवर भरधाव जाणे धोक्याचे होते.

पुण्याच्या परिसरातला पावसाळा ही जपणुकीची खरी परीक्षा. जून ते सप्टेंबर हवेतील दमटपणा लोखंडावर गंज धरायला पुरेसा असतो. सोसायटीच्या तळमजल्यावरील पार्किंगमध्ये ओल, धूळ आणि उंदीर तिन्ही असतात. उंदरांनी सीटचा फोम आणि वायरिंग कुरतडल्याची उदाहरणे गॅरेजवाल्यांना नवी नाहीत. वरून प्लॅस्टिकचे कव्हर घातले तर आतली वाफ बाहेर पडत नाही आणि रंगाखाली फोड येतात. तेव्हा न वापरणे म्हणजे न झिजणे असे नाही. दोन्हीकडे झीज आहे, फक्त तिचे स्वरूप वेगळे.

जगातील मते आणि उदाहरणे

वादाच्या दोन टोकांची उत्तम उदाहरणे संगीतात सापडतात. स्ट्रॅडिव्हेरियसने १७१६ मध्ये घडवलेले ‘मसाया’ हे व्हायोलिन ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. पुढच्या पिढ्यांतील कारागिरांना मापदंड म्हणून ते जवळजवळ नव्या अवस्थेत राहावे, या हेतूने ते तिथे दिले गेले आणि ते वाजवले जात नाही. याउलट पॅगनिनीने जिनोआ शहराला दिलेले ग्वार्नेरीचे १७४३चे व्हायोलिन ठरावीक प्रसंगी निवडक वादकांच्या हाती दिले जाते. दोन्ही निर्णय योग्य आहेत. एक वाद्य घडणीचा पुरावा म्हणून जपले आहे, दुसरे आवाजाचा वारसा म्हणून. कोणत्या वस्तूकडून काय जाणून घ्यायचे आहे, यावर निर्णय ठरतो.

भारतीय रेल्वेने १८५५ चे ‘फेअरी क्वीन’ हे वाफेचे इंजिन संग्रहालयातून काढून १९९७ मध्ये दिल्ली-अलवर मार्गावर धावते केले. लोकांचा प्रतिसाद मोठा होता आणि वाफेच्या इंजिनाची जाण असलेली माणसे पुन्हा कामाला लागली. पण चालते ठेवण्यासाठी भाग बदलावे लागतात हेही त्यातून स्पष्ट झाले. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सिमिओन संग्रहालयाने मधला मार्ग काढला आहे. तिथल्या शर्यतीच्या मोटारी मूळ रंगात आणि मूळ झिजेसह जपल्या जातात आणि नेमलेल्या प्रात्यक्षिक दिवशी संग्रहालयाच्या आवारात थोड्या वेळापुरत्या चालवल्या जातात.

जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, फिव्हा, किमान तीस वर्षे जुने, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य अवस्थेत जपलेले आणि रोजच्या प्रवासासाठी न वापरले जाणारे वाहन ‘ऐतिहासिक’ मानतो. त्याने २०१२ मध्ये स्वीकारलेला ट्युरिन जाहीरनामा दोन गोष्टी एकत्र सांगतो. गाडी समजून घेण्यासाठी ती चालवणे महत्त्वाचे आहे, आणि पुनर्बांधणीपेक्षा जपणुकीला प्राधान्य द्यावे. नवा भाग घातला तर तो ओळखता यावा अशी छोटी, कायमची खूण करावी असेही तो सुचवतो.

महाराष्ट्रात यंत्रांच्या जपणुकीची दोन वेगळी उदाहरणे जवळच आहेत. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये १९९४ पासून रणगाडे उघड्यावर मांडलेले आहेत. ते पाहता येतात, पण ऊन-पाऊस त्यांच्यावर काम करत राहतो. पुण्यातील विक्रम पेंडसे सायकल्स संग्रहालयात मात्र सायकलींचे भाग, दिवे, घंटा आणि कागदपत्रेही घरात सांभाळलेली आहेत. साध्या वस्तूही किती गोष्टी सांगू शकतात हे तिथे दिसते.

कायद्याची चौकट

खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर योग्यता तपासणी करून दर पाच वर्षांनी ती नूतनीकृत करावी लागते. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील वाहनांना पर्यावरण करही आहे. पिंपरी-चिंचवडच्या एमएच १४ क्रमांकाखाली चालणारी जुनी चेतक रस्त्यावर ठेवायची तर पासिंग, पीयूसी आणि विमा हे तिन्ही नियमित ठेवावे लागतात.

केंद्राने २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीनंतर पन्नास वर्षे पूर्ण झालेले आणि मूळ रचनेत मोठा फेरबदल न केलेले वाहन या वर्गात येते. आधी नोंदलेल्या वाहनाला जुना क्रमांक ठेवता येतो आणि नव्याने नोंद होणाऱ्याला ‘व्हीए’ अक्षरांची मालिका मिळते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, पुढच्या नोंदणीची पाच हजार रुपये आहे. या नोंदणीखाली प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच वाहन रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला मुभा नाही. १९७२च्या पहिल्या चेतक २०२२ पासूनच या वयोमर्यादेत बसू लागल्या. त्यामुळे आकुर्डीच्या स्कूटरसाठी हा नियम आता प्रत्यक्ष निर्णयाचा भाग झाला आहे, कारण तो ‘चालवावी की जपावी’ याचे अर्धे उत्तर आधीच देतो.

शस्त्रांचा कायदा वेगळा आणि अधिक कडक आहे. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवाना लागतो आणि २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली. म्हणून घराण्याचे रिव्हॉल्व्हर वारशाने आलेल्याला ‘झाडावे की जपावे’ याआधी ‘ठेवता येते का’ हे पाहावे लागते. गाडीच्या मालकाला हा अडसर नाही, ही मोठी सवलत आहे.

पट्ट्यातील कारागिरी : बळ आणि मोह

भोसरी आणि चिंचवडच्या एमआयडीसीत बोअरिंग, होनिंग, क्रँक रिग्राइंडिंग, डाय-कास्टिंग, रबर मोल्डिंग आणि सीएनसी कामे करणारी असंख्य वर्कशॉप आहेत. नमुना हाती दिला तर बहुतेक धातूचा भाग इथे पुन्हा घडतो. चेतकचा पिस्टन, गिअर, लिव्हर, साइड पॅनल मिळवणे इतर शहरांपेक्षा इथे सोपे. गाडी चालती ठेवणाऱ्यासाठी हे मोठे बळ आहे.

मोहही त्यातूनच येतो. काहीही घडवता येते म्हटले की जुने फेकून नवे बसवण्याची घाई होते. फिका पडलेला कंपनी पेंट पावडर कोटिंगने झाकला जातो, मूळ बोल्ट स्टेनलेस स्टीलचे होतात, जुन्या केबल नव्या येतात आणि महिनाभरात दुसऱ्या अवस्थेतली गाडी चौथ्या अवस्थेत जाते. ज्या पट्ट्यात जवळजवळ सारे काही पुन्हा घडवता येते, तिथे पुन्हा घडवता न येणारे काय, हे ओळखणे हाच जपणुकीचा गाभा ठरतो. १९७८ साली आकुर्डीच्या रंगशाळेत बसलेला रंगाचा थर, त्या दिवशीच्या वेल्डिंगचे ठिपके, ओळीवरच्या कामगाराने मारलेला क्रमांकाचा ठसा आणि त्यावरची जाडी-पातळी, या गोष्टी आज कोणतेही वर्कशॉप देऊ शकत नाही.

निर्णयाचे निकष

पहिला निकष मूळपणाचा. पाच अवस्थांपैकी गाडी कोणत्या अवस्थेत आहे हे आधी ठरवावे. चौथ्या आणि पाचव्या अवस्थेतली गाडी मोकळेपणाने चालवावी. तिच्यात गमावण्यासारखे फार थोडे उरलेले असते आणि तिच्यावरच चालवण्याचे कौशल्य टिकवता येते. हाताने गिअर बदलणे, पेट्रोल संपत आले की रिझर्व्हवर घेणे, गाडी कलवून किक मारणे आणि सायलेन्सरची काजळी जाळून काढणे या सवयी पुस्तकातून शिकता येत नाहीत.

दुसरा निकष दुर्मीळतेचा. चेतक लाखोंनी रस्त्यावर होत्या, आजही खेड्यापाड्यांत दिसतात. तिसऱ्या अवस्थेतली चेतक सावधपणे चालवली तरी वारशाचे नुकसान होत नाही. तशीच हॅन्सिॲट असेल तर मात्र ती जपायला हवी, तिचा रंग कितीही खराब झालेला असो.

तिसरा निकष परत न मिळणाऱ्या भागांचा. सिएराची काच, मूळ रंग, मूळ रेक्झिनची सीट, डॅशबोर्डवरचा छापील मीटर असे जे भाग पुन्हा बनत नाहीत, त्यांची यादी करावी. ते भाग वापरात किती धोक्यात येतात हे पाहावे. धोका मोठा असेल तर वापर थांबवावा किंवा तो भाग उतरवून ठेवून दुसरा बसवावा.

चौथा निकष सांभाळण्याच्या सोयीचा. कोरडी, झाकलेली जागा नसेल तर जपण्याचा निर्णय नाममात्र राहतो. अशा वेळी सोय असलेल्या संग्राहकाकडे किंवा संस्थेकडे गाडी देणे, ती अंगणात गंजू देण्यापेक्षा हिताचे.

पाचवा निकष काळाचा. इंडिका किंवा पहिल्या खेपेची डब्ल्यू १२४ आज जुन्या बाजारात स्वस्त वाटते, म्हणून तिला कोणी सांभाळत नाही. चेतकबाबत हीच चूक तीस वर्षांपूर्वी झाली. प्रत्येक घराण्यातल्या काही चांगल्या गाड्या आताच निवडून बाजूला ठेवल्या तर पुढच्या पिढीला निवड करायला काही उरेल.

या निकषांतून एक साधे सूत्र निघते. पहिल्या अवस्थेतली गाडी चालवू नये. तिच्यातून मिळणारे ज्ञान ती न चालवण्यातच आहे. दुसऱ्या अवस्थेतली गाडी जपावी आणि वर्षातून काही वेळा, आवारात किंवा रॅलीत, थोडी चालवावी. तिसऱ्या अवस्थेतली गाडी सुज्ञपणे वापरावी. चौथ्या-पाचव्या अवस्थेतल्या गाड्या मनमुराद चालवाव्यात. मूळ नमुना शाबूत राहतो आणि त्याच्या जातीच्या दुसऱ्या गाड्यांवर चालवण्याची विद्याही जिवंत राहते.

जपण्याची आणि चालवण्याची रीत

जपायच्या टू-स्ट्रोक गाडीची टाकी आणि कार्बुरेटर पूर्ण रिकामे करावेत. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे टू-स्ट्रोक ऑइल सोडावे, किक हाताने हळू फिरवावी आणि पिस्टन पोर्ट झाकून राहील अशा जागी थांबवावा. सायलेन्सरचे तोंड तेल लावलेल्या कापडाने बंद करावे आणि तशी चिठ्ठी हँडलला बांधावी, नाहीतर कोणी तरी किक मारते. गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी करून टायर जमिनीपासून सुटे ठेवावेत. बॅटरी काढून ठेवावी. वरून सुती कापडाचे कव्हर घालावे. सुटे केलेले मूळ भाग आणि पत्र्याचे लहान भाग गंजरोधक व्हीसीआय पिशव्यांत ठेवावेत. चाकणच्या कारखान्यांतून निर्यातीचे सुटे भाग याच पिशव्यांत बांधून बोटीवर जातात, त्यामुळे त्या इथे सहज मिळतात. खोलीत दमटपणा मोजणारे स्वस्त यंत्र टांगून पावसाळ्यात त्यावर नजर ठेवावी.

चालवायच्या गाडीचे टायर, ब्रेक लायनर, केबल, पेट्रोलची नळी आणि ऑइल सील नव्या बसवाव्यात, कारण हे भाग सुरक्षिततेचे आहेत आणि वयाने संपतात. काढलेला कोणताही मूळ भाग फेकू नये. त्याला चिठ्ठी बांधून तारीख लिहावी आणि जपून ठेवावा. पत्र्याला छिद्र पाडणे, वेल्डिंग करणे, रंग खरवडणे यांसारखे न उलटणारे बदल टाळावेत. रंग फिका असला तरी पॉलिशचा जोर मर्यादित ठेवावा, कारण प्रत्येक पॉलिश रंगाचा थोडा थर नेते.

दोन्ही मार्गांत नोंदवही सर्वांत उपयोगी. गाडी आली तेव्हाची सर्व बाजूंची छायाचित्रे, क्रमांकांचे ठसे, मीटरवरचा आकडा, केलेले काम, बदललेले भाग आणि काम करणाऱ्या गॅरेजचे नाव त्यात असावे. आकुर्डी-पिंपरीच्या कारखान्यांत ओळीवर काम केलेले अनेक निवृत्त कामगार आजही या परिसरात राहतात. रंग कसा चढवला जाई, कोणता बोल्ट कोणत्या पान्याने आवळला जाई, तपासणीत काय पाहिले जाई, हे ते सांगू शकतात. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून गाडीसोबत ठेवल्या तर तिच्यातल्या पत्र्याला माणसांचा आवाज लाभतो.

शेवटी उत्तराधिकाराचा विचार लेखी करावा. मालकानंतर गाडी कोणाकडे जाईल, तिची कागदपत्रे, चिठ्ठ्या बांधलेले मूळ भाग आणि नोंदवही कुठे आहेत, आणि ती चालवायची की जपायची याबाबत मालकाची इच्छा काय, हे घरच्यांना माहीत असावे. वारसाला रस नसेल तर आरटीओतील हस्तांतर वेळेवर करून गाडी संग्राहक गटाकडे किंवा संग्रहालयाकडे द्यावी. मूळ अवस्थेतील गाडी एका मालकाच्या आयुष्यापेक्षा जास्त काळ टिकते, म्हणून तिच्याबाबतचा निर्णय पुढच्या मालकाला समजेल असा लिहून ठेवणे हा जपणुकीचाच भाग आहे.